चौघांत वाटलेली किल्ली

आमच्या गल्लीत एक घर असं आहे, की त्याच्या मालकिणीलासुद्धा परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत जाता येत नाही. संध्याकाळी काकी मंडईतून येतात. एका हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्या हातात नारळ. कडी वाजवली की दाराआडून त्यांच्या यजमानांचा, सर्जेरावबापूंचा, खणखणीत आवाज येतो, "आजचा शब्द?"

"शब्द गेला खड्ड्यात. दार उघडा."

"त्यो कालचा हुता. आजचा सांगा."

मग काकी आजचा शब्द सांगतात, पण तो कोल्हापुरी आवाजात सांगतात. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी भेळ खाणाऱ्या माणसालाही तो कळतो. बापू दार उघडतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एवढी मेहनत घेऊन ठरवलेला शब्द फुकट गेलेला असतो, आणि उद्यासाठी नवा शोधणं आलेलं असतं.

बापू मूळचे कोडोलीचे. सैन्यात सिग्नलमध्ये होते. तिथं ते नेमकं काय करत, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. विचारलं तर "देशाचं काम हुतं" एवढंच सांगतात, आणि तेही इकडंतिकडं बघून. मी हायस्कुलात गणित शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी अर्धा तरी विश्वासाचा. त्यामुळं मला चार वाक्यं जास्त मिळाली. निरोप कुलूपबंद येत, ज्याच्याकडं किल्ली त्यालाच ते उघडता येत, आणि एखाद्या ठाण्याची किल्ली हरवली की ते ठाणं मुकं होई. मग बापूंना बोलावणं येई.

"मग तुम्ही ती शोधून काढायचा?" मी विचारलं.

"हरवलेली किल्ली हुडकत बसायची नसती, मास्तर. ती हरवणारच, असं धरून आदीच वाटून ठेवायची असती. समजलं? परत सांगा."

हे 'समजलं? परत सांगा' बापूंच्या तोंडी चोवीस तास असतं. मटणाच्या दुकानात ते म्हणतात, "अर्धा किलो, मांडीचं. समजलं? परत सांग." हातात सुरी धरून उभा असलेला दुकानदार मुकाट्यानं परत सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस हलत नाही आणि मागं रांग लागलेली असते. एकदा त्यांच्या डॉक्टरांनीच डाव उलटवला. रिपोर्ट टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बापू, गोड बंद. समजलं? परत सांगा." बापूंनी आयुष्यात परत न सांगितलेला तो एकच हुकूम. ते छताकडं बघत बसले आणि नमस्कार करून निघून आले.

एका विषयावर मात्र बापू अवाक्षर काढत नसत. तो विषय म्हणजे कोडोलीचा त्यांचा धाकटा भाऊ धनाजी. गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीत दोघे दोन पॅनेलमधून उभे राहिले, प्रचारात एकमेकांचं नाही नाही ते काढलं, आणि निकालाच्या दिवशी दोघांनी देवळात गुलाल हातात घेऊन शपथ घेतली, की ह्या जन्मात एकमेकांशी बोलणार नाही. गंमत म्हणजे दोघेही पडले होते. पण शपथ ती शपथ. तेव्हापासून भावकीच्या लग्नात दोघे एकमेकांकडं पाठ करून बसत, आणि कट्ट्यावर कुणी कोडोलीचं नाव काढलं की बापू अर्धा पेला तसाच ठेवून उठत.

कट्टा म्हणजे आमचा दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी दारात आणून बांधतात, आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. आमची बैठक तिथली. कट्ट्याचा मालक तानाजी. तिथं म्हशी आणणारे हिंदुराव वस्ताद, ज्यांनी एके काळी तालमीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलं आणि आता म्हशी पाळल्या आहेत. शेजारी मिरची कांडायचं यंत्र, म्हणजे आमच्याकडचा डंख, चालवणाऱ्या शालनताई, ज्यांच्यासमोर बोलताना वस्तादसुद्धा जपून बोलतात. मी, आणि बापू. वस्तादांच्या सगळ्यांत मोठ्या म्हशीचं नाव पावती. म्हशीला चंद्री म्हणतात, काजळी म्हणतात, पण पावती? आम्ही पुष्कळदा विचारलं. वस्ताद म्हणत, "हाय आपलं. नाव ठेवाय काय पैसं पडत्यात?"

गल्लीतली सगळी माणसं फोनवर एकमेकांना फुलांचे गुच्छ आणि सुविचार पाठवत होती, तेव्हा बापूंनी कुठलंसं निराळंच ॲप घेतलं. त्यात फोन नंबर नाही, फोटो नाही, खरं नावही नाही. इकडचा निरोप इकडं कुलपात बंद व्हायचा आणि थेट पलीकडच्या माणसाकडंच उघडायचा. मधे कंपनीनं जरी वाचायचा म्हटला तरी तिला वाचता येणार नाही. फोन हरवला तर नव्या फोनवर किल्ली घालायची, की सगळं जसंच्या तसं परत. पण किल्लीच गेली, तर मग ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही.

ती किल्ली बापूंनी चार शब्दांची केली, आणि चार शब्द आम्हा चौघांत वाटले. पहिला माझा, दुसरा तानाजीचा, तिसरा शालनताईंचा, चौथा वस्तादांचा. प्रत्येकाला बाजूला नेऊन कानात सांगितला. लिहून ठेवायचा नाही. एकानं दुसऱ्याला विचारायचा नाही.

"आणि तुम्ही स्वतः?" मी विचारलं.

"मी विसरलो. विसरायलाबी शिकवत्यात तिकडं."

यावर काकींचं म्हणणं असं, की ते शिक्षण मात्र पक्कं झालं आहे. गूळ आणायला पाठवलं की हे काडेपेटी घेऊन येतात.

मग बापूंनी ज्योतिबाचा गुलाल आणून चौघांच्या कपाळाला लावला आणि शपथ दिली. शब्द कुणाला सांगणार नाही. खुद्द बापूंनी मागितला तरी सांगणार नाही.

"तुमी मागितला तरी?" तानाजीनं डोळे मोठे केले.

"व्हय. माझ्या डोस्क्याला बंदूक लावून कुणी मागाय लावलं तर? बंदूकवाला काय तुमाला दिसंल असा समोर उभा ऱ्हाणार हाय व्हय? म्हणून न्हाई म्हंजे न्हाई."

"बापू, काकी सोडून तुमच्या डोस्क्याला बंदूक कोण लावतंय?"

"ऐकतंय कोणतरी," बापू म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी उगीच मागं वळून बघितलं. मागं वस्तादांची मोठी म्हैस रवंथ करत उभी होती.

एवढ्या बंदोबस्तात ते बोलत कुणाशी होते, हा आमचा आवडता विषय. तानाजीच्या मते पंजाबात एखादी असणार. शालनताईंच्या मते ह्यांच्या ॲपात कुणीच नसणार, नुसतंच कुलूप लावून बसले असणार. मला वाटायचं, अजूनही देशाचं काही काम चालू असेल. मी त्या काळात बापूंकडं जरा आदरानंच बघायचो.

आणि मग तो फोन गुळात पडला.

थंडीचे दिवस, गुऱ्हाळं सुरू झालेली. बापू कुणाच्या तरी गुऱ्हाळावर गेले होते. कधी कशाचा फोटो काढील असा हा माणूस नव्हे. लेकीच्या लग्नात ह्यांनी कॅमेऱ्याकडं पाठ केली होती. पण त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, उकळत्या रसाच्या काहिलीवर वाकून फोटो काढायला गेले आणि फोन सटकन आत. गुळव्या ओरडला. बापूंनी हात घालायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, लोकांनी मागं ओढलं. ती सगळी काहील वाया गेली, आणि गुळव्यानं बापूंना जे काही सुनावलं ते त्यांनी त्याला परत सांगायला लावलं नाही.

नवा फोन घेऊन ते संध्याकाळी कट्ट्यावर आले आणि उभ्यानंच म्हणाले, "शब्द द्या."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पहिला नंबर माझा होता. शपथ घेतलेला मी एक जबाबदार शिक्षक. मी म्हणालो, "बापू, तुम्हीच सांगितलंय, तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही."

"न्हाय म्हंजे न्हाय," तानाजी म्हणाला.

"बंदूकवालं कुठं लपलंय त्याला आदी भाईर काढा," शालनताई म्हणाल्या.

वस्ताद सगळ्यांत जोरात होते. त्यांनी शड्डू ठोकला. "मान कापली तरी सांगणार न्हाई! गुलाल लावलाय कपाळाला, टिंगल हाय व्हय?"

बापू आम्हा चौघांकडं बघत राहिले. आपण शिकवलेलं एवढं उत्तम शिकलेले विद्यार्थी त्यांना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. "शाब्बास," ते म्हणाले, आणि खाली बसले. दूध घेतलं नाही.

आम्हाला वाटलं, परीक्षाच घेत होते. दुसऱ्या दिवशी तानाजीनं ही शौर्यकथा अर्ध्या पेठेला सांगितली. पण बापू कट्ट्यावर आले नाहीत, आणि मग येईचनात. आठवडा तसाच गेला. एका संध्याकाळी काकी माझ्या दारात आल्या. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नव्हती, आणि ही बाई दबक्या आवाजात बोलत होती, यानंच मी अर्धा घाबरलो.

"मास्तर, दार सताड उघडं हुतं. मी आत गेले. शब्द इचारलाच न्हाई हो त्यांनी."

मी गेलो. बापू खाटेवर बसले होते, नवा फोन मांडीवर. मला बघून त्यांनी 'ऐकतंय कोणतरी' म्हटलं नाही.

"मास्तर, एकच माणूस हाय त्यात," ते म्हणाले. "सांजचं दोन शब्द त्याचं, दोन माझं. आता मी गप झालोय. त्याला वाटायचं ते वाटत असंल."

"मग दुसरीकडून निरोप धाडा. नवीन खातं काढा."

"काढलं. पण मीच त्याला शिकवलंय, नव्या किल्लीनं निरोप आला तर त्यो शत्रूचा. उत्तर द्यायचं न्हाई, बगायचाबी न्हाई. लई बेस शिकलाय गडी. तुमच्यागतच."

"फोन करा मग."

"बोलता येत न्हाई."

"पण कोण आहे कोण?"

बापूंनी नकारार्थी मान हलवली.  आपण चौघं मिळून ह्या माणसाला त्याच्याच घरात कोंडून बसलो आहोत, एवढं मला कळलं, आणि फार वाईट वाटलं.

मी सगळ्यांना कट्ट्यावर जमवलं आणि बापूंना हाताला धरून आणलं. शपथेचा काथ्याकूट सुरू झाला. तानाजीचं मत, देवाला नारळ फोडून शपथ परत करावी. वस्तादांचं मत, शपथ मोडणारा माणूस माणूस नव्हे. आवाज चढत गेले. धंदा संपवून पदराला हात पुसत शालनताई आल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "गुलाल लावून काय म्हटलंसा? सांगणार न्हाई. मी कुटं सांगालोय? आणा त्यो फोन हिकडं."

आणि त्या बाईनं फोन पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "पयला मास्तरांचा न्हवं? घ्या, तुमी आदी लिवा. कुणी बगायचं न्हाई."

इतकं साधं होतं. सांगायचं नाही अशी शपथ होती. आपल्या हातानं घालायचा नाही अशी नव्हती. मी रुमालाआड माझा शब्द घातला. तानाजीनं म्हशीच्या पोटाआड बसून त्याचा घातला. शालनताईंनी पदराखाली घातला. फोन वस्तादांच्या हातात गेला आणि तिथंच थांबला.

 वस्तादांनी फोनकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आमच्याकडं बघायचं टाळलं.

"वस्ताद, लिवा की," तानाजी म्हणाला.

"लिवतोय की. दम धर."

"शड्डू ठोकायच्या आदी तर ध्यानात हुतं न्हवं?" शालनताईंनी बरोबर ओळखलं.

वस्तादांचा चेहरा पडला. एवढा डोंगराएवढा माणूस, पण आवाज पार खाली गेला. "बापू, चुकलं. इसरलोय मी. सांगाय लाज वाटली म्हणून शपथंच्या आड लपलो. ध्यानात ऱ्हावावं म्हणून म्या कायतरी केल्यालं हुतं बगा... पण काय केल्यालं, त्येबी इसरलो."

 बापूंनी डोळे मिटले.  तेवढ्यात मोठ्या म्हशीनं लाथ मारून बादली उलटी केली, आणि धारेला बसलेली वस्तादांची सून सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी ओरडली, "पावते! सरळ हुबी ऱ्हा की!"

वस्ताद ताडकन उठले. "त्येच! त्येच केल्यालं!"

त्यांनी घाईघाईनं शब्द घातला आणि कुलूप उघडलं. पण बापूंचं लक्ष फोनकडं नव्हतं. ते म्हशीकडं बघत होते.

"हिंदुराव," ते म्हणाले, "किल्लीचा शब्द म्हशीला ठेवला? आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीभर वरडालायस व्हय रं?"

"पण म्हशीवर कोण संशय घेतंय, बापू?" वस्ताद म्हणाले. 

फोन मधे ठेवलेला होता आणि आम्ही चौघं त्यावर वाकलेलो. बघू नये एवढी सभ्यता आमच्यापैकी कुणातच नव्हती. वर नाव होतं 'धाकटं'. खाली एकाखाली एक निरोप येऊन पडत होते.

'दादा, जेवलास?'

'दादा, ऊस गेला आज. वजन बरं भरलं.'

'दादा, गप का?'

'तू म्हणालतास, गप झालं तर धोका समज आणि निरोप थांबव. मी थांबवणार न्हाई.'

'दादा, काय चुकलं का माझं?'

तानाजीनं तोंड फिरवलं आणि उगीच पेले विसळायला लागला. शालनताई पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, मिरचीचा हात लागला. बापूंनी फोन उचलला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. आम्ही तेही वाचलं. 'फोन गुळात पडला. तुला फोटो धाडावा म्हणत होतो. लहानपणी काहिलीजवळनं हलत न्हवतास.'

"बापू, शपथ?" मी हळूच विचारलं.

"बोलणार न्हाई म्हटलंतं. कुठं बोलालोय?" बापू म्हणाले, आणि शालनताईंकडं बघून जरासे हसले. "तुमी आज शोधलासा त्यो रस्ता, ताई. आमी दोघं त्यावरनं कवाधरनं चालतोय."

"मग आता जाऊन भेटा की राव," वस्ताद म्हणाले. "कोडोली काय परदेशात हाय?"

"बोलत हुतो तवा रोज भांडत हुतो. लिवाय लागल्यापास्नं एकदाबी भांडलो न्हाई. हाय ते बरं हाय." मग ते म्हणाले, "फकस्त भाईर जाऊ नये. भावकीला कळलं तर पुन्ना दोन पॅनेल हुत्यात."

आता सांगतो, कोल्हापुरात पोटात काही राहत नाही. सकाळी कट्ट्यावर शिंकलं तर दुपारी रंकाळ्यावर औषध सांगणारा भेटतो. पण ही गोष्ट कट्ट्याबाहेर गेली नाही. तानाजीनं सांगितली नाही, म्हणजे बघा. त्या दिवशी कुणी गुलाल लावला नव्हता, शपथही दिली नव्हती. मला माझ्या ह्या आरडाओरडा करणाऱ्या माणसांचा अभिमान वाटतो तो यासाठी. आता तुम्हाला सांगतोय, तेही नावं बदलून. म्हशीचं तेवढं खरं आहे.

बापूंनी धाकट्याला आधी कळवून लगेच नवी किल्ली केली आणि नवे चार शब्द वाटले. पुढच्या आठवड्यात वस्तादांच्या म्हशीचं नाव बदललं. नवीन नाव मी सांगणार नाही, संध्याकाळी आमच्या गल्लीत येऊन ऐका. म्हैस मात्र अजून पावती म्हटल्याशिवाय ओ देत नाही. काकींना दारात पुन्हा शब्द विचारला जाऊ लागला, आणि त्या पहिल्या दिवशी त्यांनी तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आनंदात सांगितला.

परवा भावकीतल्या एका लग्नाला बापू मला घेऊन गेले. जेवायला टेबलांच्या रांगा मांडलेल्या. बापू बसले, मी शेजारी. त्यांच्या पाठीला पाठ लावून मागच्या रांगेत तसेच रुंद खांदे, तसाच फेटा, तशीच ताठ मान. तो धनाजी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोघांनी एकमेकांकडं बघितलंही नाही. भावकीतली माणसं नेहमीप्रमाणं कुजबुजली, "अजून तसंच हाय बगा," आणि जेवायला लागली.

बासुंदीवाला आला. बापूंनी एक वाटी संपवली, दुसरी घेतली, आणि ती संपायच्या आत "आण की अजून" अशी आमच्या टेबलावरून मोठ्यानं हाक मारली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन गुरगुरला.

त्यांनी डाव्या हातानं फोन काढून मांडीवर धरला. मी वाकून वाचलं. सवय गेलेली नाही.

'बासुंदी पुरे. गोळी घेतलीस? समजलं? परत सांग.'

बापूंनी वाटी माझ्याकडं सरकवली. "मास्तर, तुमीच खावा." मग डाव्या अंगठ्यानं सावकाश लिहिलं, 'पुरे. घेतली.'

मागच्या रांगेत एक फोन वाजला. धनाजीनं तो काढून वाचला, खिशात ठेवला, आणि वाढप्याला हाक मारून भात मागितला.